धक्क्यावरच्या कंपनीचा इतिहास

मोठ्या साहेबांनी वर बोलावलंय म्हटल्यावर यादीबाईंना वाटलं, निवृत्तीचा कागद हातात ठेवणार. अठ्ठावन्न पूर्ण व्हायला नऊ महिने उरले होते, आणि जुन्या माणसांना एकेक करून घरी बसवणं कंपनीत चालूच होतं. पण साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, एक पुस्तक काढायचंय."

"कसलं पुस्तक?"

"कंपनीचा इतिहास. पुढच्या वर्षी विलीनीकरणाला दहा वर्षं होतील. वरच्या, टेकडीवरच्या कंपनीचं सगळं माझ्याकडे आहे. खालची, धक्क्यावरची बाजू ठाऊक असलेलं तुमच्याशिवाय आता कोण उरलंय?"

"मला कुठं लिहिता येतंय साहेब? मी याद्या करते."

"इतिहास म्हणजे तरी काय, यादीच की. जरा लांबलचक, एवढंच."

बाई हसल्या. तीस वर्षं त्यांनी खलाशांच्या याद्या केल्या होत्या. कोण कुठल्या जहाजावर चढला, कोण रजेवर उतरला, कुणाचं डोळ्यांचं प्रमाणपत्र संपत आलं, कुणाच्या बायकोचे दिवस भरत आले, हे त्यांना कागद न बघता सांगता यायचं. म्हणून ते नाव पडलं होतं. खलाशांच्या घरच्यांसाठी त्या मावशी, ऑफिसात यादीबाई. खरं नाव हजेरीपुस्तकातच काय ते उरलं होतं.

खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. घरी जाताना त्यांनी जाड वही घेतली, दोन पेनं घेतली. पहिले दोन महिने तर त्या पोरीसारख्या उत्साहानं कामाला लागल्या. धक्क्यावरची कंपनी एका निवृत्त बोसननं, म्हणजे जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमानं, काढली होती. सगळे त्याला काका म्हणत. दोरखंडाच्या दुकानावरचा माळा, एक टेबल, एक टेलिफोन, एवढ्यावर सुरुवात. धंदा असा, की जहाज दुसऱ्याच्या मालकीचं. त्यावर माणसं चढवायची, उतरवायची, इंजिनाची दुरुस्ती बघायची, कागदपत्रं सांभाळायची, ते काम या कंपनीचं. काका म्हणायचा, "जहाज दुसऱ्याचं, माल तिसऱ्याचा, माणसं आमची." माळ्याचा जिना इतका अरुंद होता, की चढणाऱ्यानं खोकून वर्दी द्यायची आणि उतरणाऱ्यानं थांबायचं. बाईंनी हे सगळं लिहिलं. तंबाखू आणि ओल्या दोराचा वासही लिहिला.

तोच धंदा करणारी टेकडीवरची कंपनी तीन वकिलांनी काढलेली. काचेची इमारत, पायात रुतणारे गालिचे. तिथं शिस्त होती, हे बाईही कबूल करत. धक्क्यावर एखादा कागद सापडायला अर्धा दिवस जायचा. वर तो दोन मिनिटांत हातात पडायचा. काका गेला, मुलांना या धंद्यात रस नव्हता, आणि दोन्ही कंपन्या एक झाल्या. साहेब लोक विलीनीकरण म्हणत. धक्क्यावरचे म्हणत, "लग्न लागलं म्हणे. नवरीला विचारलंय का कुणी?" त्यानंतर एकाच मजल्यावर बसूनही माणसं एकमेकांना वरचे आणि खालचेच म्हणत राहिली. जावा-जावांसारखं, तोंडावर गोड आणि पाठ फिरली की भांडी आपटायची.

हेही बाईंनी लिहिलं. मग त्या विलीनीकरणाच्या दिवसापाशी येऊन थांबल्या.

कारण त्यानंतर तिसऱ्या दिवशी कंपनीचं एक जहाज बुडालं होतं. खनिज माती वाहणारं, जुनं जहाज. एकोणीस माणसं होती. एक रिकामा तराफा आणि तेलाचा पट्टा, एवढंच सापडलं. त्या एकोणिसांत दुय्यम इंजिनियर होता बाईंचा सख्खा धाकटा भाऊ.

आईवडील लवकर गेल्यावर बाईंनीच त्याला वाढवला होता. स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. त्याला शिकवला, कंपनीत चिकटवला, त्याचं नाव यादीत स्वतःच्या हातानं घातलं. तो गेला तेव्हा त्याची मुलगी चार वर्षांची होती. भावजय आणि पोरगी बाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या, त्या तिथल्याच झाल्या. भावजय इस्पितळासाठी चादरी आणि कपडे शिवायची. खिडकीखाली तिचं मशीन. नणंद-भावजय म्हटल्यावर लोक गालातल्या गालात हसतात, पण या दोघींचं नऊ वर्षांत कधी वाजलं नव्हतं. एकीनं कणीक मळावी, दुसरीनं लाटावी, इतकं ते मुरलेलं.

चौकशी समितीनं तेव्हा सांगितलं होतं, की जहाजाकडून कसलाही निरोप आला नाही. कप्तानानं कंपनीला काही कळवलं नाही, आसऱ्याला बंदरात जायची परवानगी मागितली नाही. हलगर्जीपणा. बाकीच्या घरांना त्याचा एक अर्थ लागला: सगळं क्षणात झालं. भावजय त्याच अर्थावर जगत होती. "रात्रपाळी करून आला असेल," ती पोरीला सांगायची, "झोपला असेल. तुझ्या बाबाची झोप म्हणजे काय, उचलून रस्त्यावर ठेवलं तरी कळायचं नाही. त्याला समजलंसुद्धा नसेल."

त्या आठवड्यातले कागद शोधायला बाई तळघरातल्या कोठीत उतरल्या. दिवसाही दिवे लावावे लागत. लोखंडी मांडण्यांच्या शेवटच्या रांगेत, खालच्या फळीवर एक खोका होता. वर खडूनं लिहिलेलं, 'बंद पत्ते'. धक्क्यावरचं जुनं संगणक-यंत्र मोडीत काढताना त्यात उरलेलं, बंद पत्त्यावर न वाचता साठलेलंसुद्धा, सगळं छापून ठेवायचा नियम होता. यंत्रं आणि वायरी काढायला आलेल्या वायरवाल्यानं तो पाळला होता. जाहिराती, पंपांच्या कंपन्यांची पत्रकं, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. बाई उभ्यानंच एकेक पान उलटत होत्या. मग त्या जहाजाचं नाव दिसलं आणि त्या खाली फरशीवर बसल्या.

पाच निरोप होते.

पहिला विलीनीकरणाच्या दिवशीचा, सकाळी दहा चाळीसचा. पुढच्या कोठाराच्या झाकणाची पट्टी फाटली आहे, पाणी आत येतं आहे, जवळच्या बंदरात आसऱ्याला वळायची परवानगी द्यावी. दुसरा त्याच संध्याकाळचा. परवानगीची वाट पाहतो आहे, टेलिफोन लावला, कुणी उचलत नाही. तिसरा दुसऱ्या दिवशी दुपारचा. मातीचा चिखल होऊन पंपाच्या जाळ्या तुंबताहेत, दुय्यम इंजिनियर आणि दोन खलाशी कोठारात उतरून हातानं साफ करताहेत. चौथा त्या संध्याकाळचा. दुय्यम इंजिनियरची दोन बोटं पंपात गेली. रक्त थांबवलं आहे, डॉक्टरचा सल्ला हवा. नको म्हटलं तरी तो पुन्हा खाली उतरतो, कारण जाळी कशी सोडवायची हे त्यालाच ठाऊक आहे. पाचवा तिसऱ्या दिवशीचा, सकाळी सहाचा. तुमच्या उत्तराविना बंदराकडे वळतो आहे. जबाबदारी माझी. तिकडे कुणी आहे का?

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत शेरा होता. 'पाहिले. फाइल करा.' खाली मोठ्या साहेबांची सही आणि आठ वर्षांपूर्वीची तारीख.

बाईंनी पाचही निरोप पुन्हा वाचले. मग तिसऱ्यांदा वाचले. भावाची बोटं त्यांना आठवत होती. लहानपणी तो झोपताना त्यांच्या बोटाला धरून झोपायचा. पण त्यांना आठवली ती मोठेपणीची, नखांत कायम काळं तेल असलेली. कुठली दोन गेली असतील, डाव्या हाताची की उजव्या, हा एकच प्रश्न कितीतरी वेळ डोक्यात फिरत राहिला.

आणि त्याच्यामागून दुसरं आठवलं. ते त्या कधी विसरल्याच नव्हत्या. त्याचा अर्थ मात्र आज कळला.

विलीनीकरणाच्या आधीच्या आठवड्यात धक्क्यावरच्या सगळ्या जहाजांना निरोप पाठवायचा नवा संगणक-पत्ता आणि नवा टेलिफोन कळवायचं काम बाईंकडे होतं. जहाजांची यादी त्यांनीच केली. एकतीस जहाजं. वरून निरोप आला, की जी जहाजं महिनाअखेर मालकांना परत द्यायची आहेत त्यांना वगळा, उगाच दोनदा पत्ते बदलायला नकोत. तोंडी निरोप होता, कागद नव्हता. परत द्यायचं असं एकच जहाज होतं, भावाचं. बाईंनी त्यावर रेघ मारली आणि तिसांची यादी सही करून वर पाठवली. जुना पत्ता तीन महिने चालू ठेवणार, असंच सगळे धरून चालले होते. तो विलीनीकरणाच्या समारंभाच्याच दिवशी बंद झाला, कारण भाषणात 'आजपासून एक कंपनी, एक पत्ता' असं वाक्य होतं.

आणि दुसऱ्या दिवशी जुन्या इमारतीचा पहारेकरी एक विसरलेली छत्री द्यायला टेकडी चढून आला होता. जाताजाता म्हणाला, "बाई, तुमच्या खोलीतला फोन कालपासून वाजतोय. वाजतोय, थांबतोय, परत वाजतोय. खोलीला कुलूप. काय करू?"

बाई तेव्हा नव्या कपाटात फाइली लावत होत्या. मागे न बघताच म्हणाल्या होत्या, "वाजू दे. उद्या वायर काढायला येणारच आहेत."

त्या दिवशी त्या कोठीतून वर आल्या तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पडलात का कुठं? कपडे केवढे मळलेत."

बाईंनी प्रकरण लिहिलं. काही लपवलं नाही. पाच निरोप जसेच्या तसे उतरवले, तिसांची यादी लिहिली, फोनचंही लिहिलं. साहेबांकडे वही देऊन चार दिवस झाले आणि बोलावणं आलं. या वेळी चहा नव्हता.

"हा खोका मला वाटलं कधीच टाकून दिला," साहेब म्हणाले. ते चिडलेले नव्हते. थकल्यासारखे दिसत होते.

"तुम्ही पाहिलं होतं."

"पाहिलं होतं. तेव्हा चौकशी संपून सहा महिने झाले होते. जहाज वर येणार नव्हतं, माणसं परत येणार नव्हती. कंपनी नवी होती, बाई. चाळीस जहाजं होती, हजारभर खलाशी होते. ती बुडाली असती तर ते सगळे रस्त्यावर आले असते. मी विचार केला आणि फाइल करा म्हटलं. आज पुन्हा तेच म्हणेन."

"कप्तानाच्या नावावर हलगर्जीपणा लिहिलाय साहेब. त्यानं तीन दिवस हाका मारल्या."

साहेबांनी वहीतली ती पानं काढून वेगळी केली. टेबलाच्या कडेला नीट सरळ लावली. "यादीवर सही तुमची आहे," ते म्हणाले. "मी धमकी देत नाहीये. जे आहे ते सांगतोय. वगळा म्हणून कुणी सांगितलं, याचा कागद नाही. फोनचं तर तुम्ही स्वतःच लिहून दिलंय. हे बाहेर गेलं तर लोक बोट कुणाकडे दाखवतील? घरी तुमची भावजय आहे. तिला काय सांगणार?"

पुस्तक त्या पानांशिवाय छापायला गेलं. विलीनीकरणाच्या प्रकरणात दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं, 'एकाही दिवसाचा खंड न पडता काम सुरळीत सुरू राहिलं.' बाईंकडे मात्र मूळ पानं होती. कोठीतून वर येताना त्यांनी ती पिशवीत घातली होती. तीस वर्षांत ऑफिसातली टाचणीसुद्धा त्यांनी घरी नेली नव्हती.

तीन आठवडे त्या गप्प राहिल्या. जेवण जात नव्हतं. भावजय म्हणायची, "ताई, डॉक्टरला दाखवा. चेहरा बघा कसा झालाय." आणि बाईंना वाटायचं, आता सांगावं. मग मशीन सुरू व्हायचं आणि राहून जायचं. शेवटी एका रविवारी, पोरगी मैत्रिणीकडे गेलेली बघून त्यांनी पिशवी काढली.

"अगं, मशीन थांबव जरा."

"एवढी कड होऊ दे."

"थांबव."

भावजयीनं पाय उचलला. बाईंनी पानं तिच्या हातात दिली नाहीत. स्वतःच वाचली, एकामागून एक. शेवटचं वाचल्यावर यादीचं सांगितलं. फोनचं सांगितलं. काहीच ठेवलं नाही. भावजय ऐकत होती, मांडीवरच्या चादरीवरून अंगठा फिरवत. दुपारचं ऊन मशीनवर होतं. खाली कुणीतरी लोखंडी शटर ओढलं.

"मला कशाला सांगितलंत?" भावजय म्हणाली.

"तुझा हक्क आहे म्हणून—"

"माझा हक्क?" तिचा आवाज चढला नव्हता. "नऊ वर्षं तो माझ्यापुरता झोपेत गेलेला होता, ताई. मी रोज त्याला तसाच झोपवत होते. तुम्ही त्याला उठवलंत. तीन दिवस उठवलंत. बोटं तोडून परत पाण्यात उतरवलंत. आता मी काय करू त्याचं?"

"अगं, चुकलं माझं. फोन मी उचलायला—"

"फोनचं काही म्हणत नाहीये मी. तुम्हाला काय ठाऊक होतं? फोन वाजतात." ती उठली, पाणी प्यायली, ग्लास धुऊन पालथा घातला. "पण हे तुम्ही गिळायचं होतंत. तुमचं तुम्ही. मला वाटून द्यायचं नव्हतं."

त्यानंतर ती मशीनवर बसली आणि उरलेली कड शिवली. पोरगी आल्यावर तिला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून घरात कणीक एकीनंच मळली आणि एकीनंच लाटली.

बाईंना वाटलं होतं, भावजय रडेल, मग दोघी रडू, आणि मग काय करायचं ते दोघी मिळून ठरवू. तसं काही झालं नाही. भावजयीचं बरोबर असेल, तर अजून सतरा घरांचीही तीच गत. त्यांचीही माणसं झोपेतच गेली होती. कुणाकुणाला उठवायचं? बाईंनी ती सतरा नावं मनात म्हटली. बायका आठवल्या, आया आठवल्या. एकदा वाटलं, कागद जाळून टाकावेत.

पण अठरावं घर वेगळं होतं. तिथं कप्तानाचे वडील राहत होते.

ते निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मुलगा गेल्यावर सून माहेरी गेली आणि तिनं दुसरा संसार केला. त्याबद्दल मास्तर कधी वावगं बोलले नाहीत. पण त्यांच्याकडे लोकांचं येणंजाणं थांबलं होतं. एकदा एका खलाशाची आई त्यांच्या दारात उभी राहून ओरडली होती, की तुमच्या पोरानं माझ्या पोराला मारलं. मास्तरांनी तिला आत बोलावून पाणी दिलं होतं आणि तिची क्षमा मागितली होती.

बाई गेल्या तेव्हा ते दारातल्या खुर्चीवर बसून चपलेचा पट्टा शिवत होते. ब्याऐंशी वर्षांचे. एका डोळ्यानं दिसत नव्हतं.

"कंपनीतल्या ना तुम्ही?" ते म्हणाले. "या. घरात एकच कप धड आहे, तुम्ही घ्या."

बाईंनी त्यांना पानं दिली. मास्तरांनी भिंग आणलं आणि पेपर तपासल्यासारखं एकेक ओळीखाली बोट फिरवत वाचायला लागले. फार वेळ लागला. दोनदा मागं गेले. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

"हे 'जबाबदारी माझी' हे त्यानंच लिहिलंय? शब्द त्याचेच?"

"त्याचेच आहेत."

"म्हणजे तो कळवत होता."

"तीन दिवस."

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "तो शाळेत होता तेव्हासुद्धा घरी यायला उशीर होणार असला तर आधी सांगून जायचा," ते म्हणाले. "मी नऊ वर्षं विचार करतोय, हा असा कसा वागला. मी काय शिकवलं याला." मग त्यांचा चेहरा सगळा गोळा झाला आणि ते लहान मुलासारखे मोठ्यानं रडले. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढे केला आणि तसाच मागं घेतला. त्यांना यादीचं आणि फोनचं अजून सांगायचं होतं. रडणं ओसरल्यावर त्यांनी ते सांगितलं.

मास्तरांनी पानं गोळा करून त्यांच्या हातात परत दिली. "हे तुम्ही चौकशीवाल्यांना सांगाल का?" त्यांनी विचारलं. "मला सांगून काय उपयोग? मी आज आहे, उद्या नाही. तिथं कागदावर त्याचं नाव आहे."

"सांगेन," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सागरी चौकशीच्या कार्यालयात गेल्या. पानं दिली, सहा तास जबाब दिला. कारकुनानं विचारलं, "तुमचं नाव यात तुम्हीच घालताय, कळतंय ना तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "कळतंय. स्पेलिंग नीट घाला."

फाइल पुन्हा उघडली. पाच महिने चाललं. वगळा असं सांगितल्याचं टेकडीवरच्या एकालाही आठवत नव्हतं. पत्ता त्याच दिवशी बंद करा हा हुकूम कुणाचा, तेही कुणाला आठवत नव्हतं. वायरवाला परदेशी निघून गेला होता, पहारेकरी वारला होता. साहेबांचा वकील म्हणाला, की 'पाहिले' याचा अर्थ 'वाचले' असा होत नाही. हे वाक्य समितीनं नोंदवून घेतलं आणि मान्यही केलं.

निकाल आला तो असा. कप्तानाकडून कर्तव्यात कसूर झाली नाही. आधीचा शेरा रद्द. निरोप न पोचण्याचं कारण, पत्त्यांची यादी करणाऱ्या लिपिकेची चूक, आणि त्याच लिपिकेनं जुना टेलिफोन वाजत असल्याची सूचना दुर्लक्षिली. कंपनीला भविष्यात अधिक काळजी घेण्याची समज.

निकालाची बातमी छापून आली. त्यात कप्तानाबद्दल दीड ओळ होती आणि बाईंबद्दल बारा. निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना बाईंना कामावर येऊ नका म्हणून कळवण्यात आलं. टेबलाच्या खणातला चष्मा आणायलासुद्धा शिपाई सोबत दिला. ज्या बायका त्यांना मावशी म्हणत, त्यांच्यातली एक बाजारात समोरून आली आणि पाठ फिरवून उभी राहिली. दुसरीनं घरी येऊन विचारलं, "मावशी, खरं सांगा, माझा मुलगाही खाली उतरला होता का हो?" बाईंनी सांगितलं, की निरोपात दोन खलाशांची नावं नाहीत. ते खरं होतं. तिनं त्यावर विश्वास ठेवला नाही.

मास्तरांना निकालाची प्रत बाईंनी स्वतः नेऊन दिली. त्यांनी ती वाचून घडी केली. "तुमच्यावर फारच टाकलं त्यांनी," ते म्हणाले.

"माझं होतं तेवढं तर माझंच आहे."

"हो," मास्तर म्हणाले. खोटं बोलून समजूत घालणं त्यांना जमत नव्हतं. "पण तुम्ही आलात."

पेपरात आल्यावर पोरीला सगळं कळलंच. तेरा वर्षांची होती. तिनं आत्याला एकच विचारलं, "बाबाला खूप दुखलं असेल ना?" आणि बाई "हो" म्हणाल्या, कारण आता दुसरं काही म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. भावजयीनं ते आतल्या खोलीतून ऐकलं. त्या आठवड्यात तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाला, इस्पितळाजवळ एक खोली बघितली.

सामान फार नव्हतं. हातगाडीवाल्यानं मशीन उचललं तेव्हा खिडकीखाली फरशीवर चार खुणा राहिल्या. पोरगी आत्याला घट्ट बिलगली आणि धावत जिना उतरली. भावजय दारात थांबली. पदराला हात पुसले, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

"डब्यात तांदूळ भरून ठेवलाय," ती म्हणाली. "गॅसची टाकी परवा बदललीय. गोळ्या वेळेवर घ्या."

"पोरीला पाठवशील ना अधूनमधून?"

"तिला यावंसं वाटलं तर येईल. मी अडवणार नाही." तिनं चप्पल पायात सरकवली. "मला तुमचा राग नाही ताई. असता तर सोपं झालं असतं. पण तुम्ही समोर आलात की मला तो खाली उतरताना दिसतो."

बाईंनी मान हलवली. निघताना माणूस 'येते' म्हणतो, कुठंही जायचं असलं तरी. भावजय म्हणाली, "जाते." आणि गेली.

त्या संध्याकाळी बाईंनी एका माणसापुरता भात लावला. अंदाज चुकला, तिघींचाच झाला. थोडा त्यांनी खाल्ला, उरलेला झाकून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो डब्यात भरून मास्तरांकडे घेऊन गेल्या. मास्तर तापानं पडून होते. बाईंनी खिडकी उघडली, त्यांना उठवून बसवलं, आणि घरात दुसरा कप नव्हता म्हणून पाणी आधी त्यांना दिलं.